कालच्या तारखेचं पान

तेजश्रीनं मला उघडलं आणि माझ्याच कपाळावर कालची तारीख बघून मी दचकलो.

मी म्हणजे दूध संघाच्या ॲपमधलं एक पान. आज जनावरांच्या कोणत्या डॉक्टरांची पाळी आहे आणि त्यांचा नंबर काय, एवढंच मी सांगतो. पण आज तेवढ्यावरच एका पहिलटकर कालवडीचा जीव टांगला होता.

माझा जन्म दौंडचा. रेल्वे कॉलनीतल्या अनुपमाताईंनी मला बनवलं. तेव्हा मी ॲपमध्ये दिसायचो खरा, पण राहायचो लांब, संघाच्या सर्व्हरवर. कोणी बोलावलं की निघायचो. राहू गावाच्या पुढं, नदीकडच्या वस्त्यांवर नेट असं की पोहोचेपर्यंत मला धाप लागायची. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहायचं. तेजश्रीचे आजोबा, जयसिंग आबा, फोन उंच धरून बांधावर उभे राहायचे.

"आबा, आभाळातल्या इमानाला हात दावताय व्हय?" शेजारचा खंडू विचारायचा.

"डॉक्टर उतरवतोय खाली. तू बाजूला हो, आडवा येतोस."

मग दोघं तिथंच टेकायचे. तंबाखू मळली जायची, उसाच्या तोडीच्या गोष्टी निघायच्या. ते दिवस मला फार आठवतात. उशिरा यायचो, पण ताजा यायचो आणि माझी वाट बघणारं कोणीतरी असायचं.

लोकांची ही तारांबळ बघून अनुपमाताईंनी मला नवी सवय लावली. पाहुणे टेकायच्या आत चहाचं आधण ठेवावं, तशी. तेजश्री सकाळी डेअरीवर दूध घालायला गेली की तिथल्या वायफायवरून मी गुपचूप तिच्या फोनमध्ये उतरून बसायचो. मग वस्तीवर नेट नसलं तरी बोट लागताच हजर. गोल फिरायचं थांबलं. बांधावरची बैठकही मोडली.

आज कालवड पहाटेपासून उठबस करत होती, म्हणून तेजश्री घरीच थांबली. कॅन घेऊन तिचा भाऊ पप्पू गेला. फोन घरी राहिला आणि त्यात मी, कालचाच.

"लागला का गं फोन?" गोठ्यातून आजीनं, सरूबाईंनी विचारलं. "पाय दिसाय लागल्यात, आन् वासरू पुढं सरकंना."

"लावते आजी. नवनाथ डॉक्टरांची पाळी आहे. बघ, पान लगेच उघडलं."

इथंच ती चुकली. पटकन उघडलं म्हणजे आजचंच असणार, असं तिला वाटलं. नवनाथ डॉक्टरांची पाळी तर कालच संपली होती. ओरडून सांगावंसं वाटलं, पण पानाला तोंड कुठलं?

रिंग वाजून वाजून थांबली. तिनं पुन्हा लावला.

"उचलंना व्हय? दिसभर त्येच्यात तोंड घालून बसतीस, आन् कामाला येळेवर न्हाई."

"आजी, थांब ना गं जरा."

मायबापहो, मी झटकन आलो म्हणून डोळे झाकून माझ्यावर विसंबू नका. नेट मिळेल तिथं मला एकदा बोटानं खाली ओढा, नव्यानं बोलवा. घटकाभर वाट बघावी लागली, तर बघा.

तिसऱ्यांदाही रिंग वाजतच राहिली. मग खरखर झाली, आणि पलीकडं कोणीतरी गाडी बंद केली.

"हॅलो, नवनाथ बोलतोय. आज माझी पाळी नाही ताई, पण मी वरवंड गावातच आहे, येतो. आधी सांगा, दिसतायत ते पाय पुढचे आहेत का मागचे?"