डोर्कसचं लाकूड

लामेक पॅसिफिकमधल्या न्यू आयर्लंड बेटावरून ब्रिस्बेनला आला, तेव्हा गावाला वाटलं, म्हाताऱ्याचं नशीब उघडलं. आशिया-पॅसिफिकच्या कलावंतांचं दर तीन वर्षांनी भरणारं एवढं मोठं प्रदर्शन, आणि त्यात ह्याची मलगन! मलगन म्हणजे मेलेल्या माणसासाठी कोरलेलं लाकूड. गेलेला त्यात काही दिवस येऊन राहतो. गाव डुक्कर कापतं, जेवतं, रडतं, आणि मग ते लाकूड जाळून टाकतं. जाळलं की माणूस सुटला. लामेकने अशी कितीतरी लाकडं कोरली होती आणि डोळ्यांतून टिपूस न काढता पेटवलीही होती. पण ती दुसऱ्यांची.

त्याची धाकटी डोर्कस आदल्या वर्षी तापाने गेली. प्रदर्शनासाठी कोरायचं तर नुसता नमुना कोरायचा, त्यावर कुणाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की गेलेला आत येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी शंखाच्या झाकणांचे हिरवे डोळे बसवताना त्याने हळूच लेकीचं नाव घेतलं. संग्रहालयात वाळवी नाही, पाऊस नाही, पोर कायमची राहील, असा त्याचा हिशेब. एवढा जाणता माणूस, पण मायेपायी चोर झाला.

मग बायकोचा, दीनाचा फोन आला.

"अहो, डोर्कस येतेय. भर दुपारी दारात उभी राहते."

"स्वप्न पडलं असेल तुला."

"भांडी घासताना स्वप्न पडतं होय? दात वाजतायत तिचे. म्हणते, आई, काकडले गं. आपल्याकडे कुणाला कधी थंडी वाजलीय का?"

लाकडातली कीड मरावी म्हणून इथे प्रत्येक लाकडी वस्तू आधी बर्फाच्या खोलीत ठेवतात. डोर्कसचं लाकूड तिथेच होतं, आणि हे त्याने दीनाला सांगितलंच नव्हतं.

पुढे लाकूड बाहेर आलं, दालनात उभं राहिलं. लोकांची रीघ लागली. दीनाचा पुन्हा फोन.

"थंडी गेली तिची. आता म्हणते, आई, सारखी माणसं बघतात माझ्याकडे, मला जाऊ दे. खरं सांगा, नाव घेतलंत ना?"

लामेकने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मेल्यावर तरी छळू नका हो तिला! जाळा ते. आजच्या आज जाळा."

त्याच्या दालनाचं काम बघणारी लोसालिन टोंगाची. त्याने रडत रडत तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही की तिने घड्याळाकडे बघितलं नाही.

"काका, आमच्याकडेही मेलेल्यांना कुणी अडवत नाही. साहेबांना मी सांभाळते. सकाळी मागच्या अंगणात जाळून टाकू."

सकाळी लाकूड अंगणात आडवं ठेवलं. लोसालिनने लायटर त्याच्या हातात दिला. लामेक खाली वाकला. हनुवटी थेट डोर्कसची होती, रुसल्यावर पुढे यायची तशी. त्याचा अंगठा हलेना.

"डोळे काढले तरी पुरे," तो एकदम म्हणाला. "डोळ्यांतूनच तर ती आत आली. डोळे काढले की गेली. मग उरलं ते नुसतं लाकूड. राहू दे ते."

"असं चालतं तुमच्याकडे?"

"चालतं की!"

खोटं! त्याच्या गावात असं कुणी कधी केलं नव्हतं. त्याने पटाशीच्या टोकाने एक डोळा उचकटला, मग दुसरा. काहीच झालं नाही. नदीवरून वारा येत होता, पलीकडे कुणीतरी कॉफी पीत होतं. लाकूड दालनात परत गेलं. ह्या खेपेला मात्र त्याने स्वतःच दीनाला फोन लावला.

"आता नाही ना आली?"



"आली," दीना म्हणाली. "भिंत चाचपत आली. मी पुढ्यात बसलेली, तरी विचारते, आई कुठेयस? माझ्या तोंडावरून हात फिरवला तिने."

"मग? रडत होती?"

"नाही हो. म्हणाली, किती अंधार झालाय. बाबांना हाक मार, ते दिवा लावतील."