बोटांनी घेतलेलं नाव

माणूस जातो, पण त्याचा पासवर्ड मागे उरतो, हे आपल्या काळातलं अंतिम सत्य आहे. निदान नागापूर एमआयडीसीतल्या पंपाचे सुटे भाग करणाऱ्या त्या कारखान्यात तरी, स्टोअर सांभाळणारा कल्याण वारून तीन महिने झाले होते आणि त्याचा पासवर्ड जिवंत होता. कारण एवढंच, की तो काढायचा असतो हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मालक आबासाहेबांनी पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्राम, आणला. 'आणला' हा त्यांचाच शब्द. बाजारातून म्हैस आणावी तसा. कंपनीतल्या सगळ्यांचे सर्व्हरचे पासवर्ड कॉम्प्युटरमधल्या एका तिजोरीत साठवलेले होते. एजंटने त्यातली एकेक किल्ली उचलायची, कुलपाला लावून बघायची, लागते की नाही ते सांगायचं आणि ज्या किल्लीला धनी उरला नाही ती मोडीत काढायची. या कामावर देखरेखीला रविराजला बसवलं. तो बीएस्सी होता आणि प्रिंटर अडकला की त्यालाच हाक जायची.

एजंट स्टोअरच्या सर्व्हरपाशी पोचला आणि नेमकी तेव्हाच सविता आली. कल्याणची बायको. त्याच्या कपाटातलं सामान न्यायला आली होती. हेल्मेट, जेवणाचा डबा आणि थंडीतला एक स्वेटर. रविराजने कल्याणबरोबर वर्षानुवर्षं दुपारचा डबा वाटून खाल्ला होता. म्हणजे या बाईच्या हातच्या भाकरीवर तो पोसला होता. त्याने तिला खुर्ची दिली आणि उगाच स्क्रीनकडे बघत बसला.

"भाऊजी, ह्यांचा पासवर्ड आज पुसनार म्हनं?"

"बंद करायचा, वहिनी. नियम आहे तसा."

"करा की. फकस्त त्याआधी मला एक बघून सांगा. त्यात माझं नाव हाय का?"

रविराजला काही उमगेना. सविताने डबा मांडीवर घेतला.

"लग्नात उखाणा घे म्हनले, तर अख्खी पंगत ताटकळली, पर ह्यांनी तोंड उघडलं न्हाई. घरी गेल्यावर घेतो म्हनले. घरी गेल्यावर 'अगं'. राजनंदिनी झाली, तवापासून 'राजनंदिनीची आई'. एकदा मी लई भांडले. म्हनलं, पोरगी कालेजात गेली, आता तरी एकडाव नाव घ्या. तर म्हनले, रोज सकाळी कंपनीत घेतो की! बोटानं घेतो. त्याबिगर कॉम्प्युटरच उघडत न्हाई." ती हसली. "गप मानूस हुता, पर खोटं बोलायचा न्हाई."

रविराजने मान डोलावली. खरं म्हणजे कल्याण खोटं बोलायचा. घरी उशीर झाला की ओव्हरटाइम होता असं सांगायचा आणि सावेडीच्या चौकात रविराजबरोबरच भेळ खात उभा असायचा. पण ते आता काढण्यात अर्थ नव्हता.

त्याने एजंटला विचारलं, कल्याणच्या पासवर्डमध्ये 'सविता' आहे का?

एजंट सभ्य होता. लिहिलं, पासवर्ड उघडून दाखवणं मला शक्य नाही. रविराजने पुन्हा टाईप केलं, की दाखवू नकोस, फक्त हो की नाही ते सांग. एजंटने क्षणभर विचार केल्यासारखं दाखवलं आणि उत्तर दिलं: "नाही. हा सर्व्हर बसवणाऱ्यांनी दिलेला मूळ पासवर्ड आहे. तो एकदाही बदललेला नाही. धोका गंभीर." 'गंभीर' हा शब्द लाल रंगात होता.

स्क्रीनची पाठ सविताकडे होती.

"काय म्हनतंय?"

आतल्या केबिनमधून आबासाहेबांचा आवाज आला, "रविराज, उरकलं का रे? का एआयला पण चहा पाजतोयस?"

"उरकलं, साहेब." मग त्याने आवाज खाली आणला. "आहे, वहिनी. तुमचंच नाव आहे."

तिने पदराचं टोक तोंडाला लावलं. मग म्हणाली, "म्होरं काय हाय?"

"म्होरं म्हणजे?"

"आकडा बिकडा?"

"नाही. नुसतं सविता."

सविताने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. पोरगं पडून गुडघा फोडून आलं आणि 'काही नाही झालं' म्हणालं की आई बघते, तसं.

"माझ्या बँकेच्या मोबाईलला नुसतं नाव चालत न्हाई, भाऊजी. म्होरं आकडा लागतो. आन् ते गोल भोवऱ्यावानी चिन्ह लागतं. राजनंदिनीनं शिकवलंय मला."

रविराजने कीबोर्ड उगाच सरळ करून ठेवला.

"तुमच्या कंपनीत चालत आसंल," तीच म्हणाली. उठली, स्वेटर घडी करून हेल्मेटमध्ये कोंबला आणि दाराशी गेली. "व्हय. तुमच्यात चालत आसंल. बंद करा आता."

ती रिक्षात बसेपर्यंत रविराज खिडकीशी उभा होता. मग त्याने बटण दाबलं. एजंटने कल्याणचं लॉगिन बंद केलं, पुढच्या सर्व्हरकडे गेला आणि संध्याकाळी सगळ्या कंपनीचा अहवाल आला.

तोच मूळ पासवर्ड निम्म्याहून जास्त कंपनीचा होता. आबासाहेबांचाही आणि रविराजचाही.