अजानीच्या भरवशावर

"टाइमआऊट घे रे गाढवा! ते मुद्दाम वेळ काढतायत!" नदीम मैदानातूनच ओरडला.

"कॅप्टन कोण, तू की मी?" आकिब त्याच्यावर उखडला. "गप उभा राहा."

सौदीतलं कतीफ, मैदान तिथलंच. कतीफची टीम चार पॉइंटनी पुढे, बॉलही त्यांच्याकडेच. दोन पावलं पळायचं, कमरेची पट्टी ओढू द्यायची, मग रमतगमत परत रांग लावायची. घड्याळ आपलं पळतंय. ते थांबवायचं तर टाइमआऊट घ्यायचा, आणि आकिबकडे तिन्हीच्या तिन्ही शिल्लक.

अमेरिकेत कॉलेज करून आलेल्या फहादने तिथला हा पट्टी ओढून गडी अडवायचा फुटबॉल इथे सुरू केला होता. रेफरीही तोच. आकिबच्या टीमने, धाहरानच्या पोरांनी, ही मॅच काढली तर तो आकिबला लहान मुलांचा कोच करणार होता. शाळा सोडलेल्या आकिबला दुसरं काही नकोच होतं. हरलं तर मामू त्याला रास अल खैरच्या बांधकामाच्या साइटवर कामाला न्यायला टपलेलेच.

"सूर्य बुडाला, मगरिबची अजान झालीच समज," आकिब नदीमच्या कानाशी लागला. "अजानीला घड्याळ फुकटात थांबतं. मग बॉल आपल्याकडे आला की तिन्ही टाइमआऊट वापरू. डोकं चालव जरा."

तेवढ्यात बाकावरच्या नदीमच्या फोनवर अजान सुरू झाली. आकिबने दोन्ही हात वर केले. "थांबवा! घड्याळ थांबवा!"

फहादने शिट्टीला हातसुद्धा लावला नाही. "इथली मशीद शियांची, तिथे अजान थोड्या उशिराने होते, नीट अंधारल्यावर. मॅच तेव्हाच थांबते."

कतीफच्या एकाही पोराने मान वर केली नव्हती. ते आकिबला दिसलं. पण दिसलं म्हणून गप बसेल तर तो आकिब कसला!

"मग आधी सांगायला काय झालं होतं? ही काय खेळवायची रीत?"

"टाइमआऊट आहेत ना तुझ्याकडे? घे."

"का म्हणून घेऊ? चूक तुमची, टाइमआऊट माझा जाणार?"

"घे ना रे, घे!" नदीम त्याची बाही ओढत होता.

"सोड! आधी ह्याला उत्तर देऊ दे!"

उत्तर आलं ते शिट्टीचंच. लांबलचक. वेळ खलास.

कतीफची पोरं नाचायला लागली. नदीम मटकन खाली बसला. "टाइमआऊट तसेच राहिले, नि तू भांडत बसलास."

आकिब बूट काढायला लागला. गेटबाहेर मामूंच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"फहादशी बोल तरी एकदा," नदीम म्हणाला. " नमाज पढू, मग दोघं जाऊ त्याच्याकडे."

"मी वाटेत पढेन," आकिबने बूट हातातच घेतले. "मामू थांबलेत. निघायला हवं मला आता."