बांधाची वेळ

अल्पेशने स्कूटरच्या मागच्या चाकातून दोर ओवला आणि जोर लावून ओढला. चिखलाने आधी सोडलं नाही, मग एकदम सोडलं, आणि तो बांधाच्या उतारावर पाठीवर आपटला. सिद्धेशची स्कूटर खाडीतून अर्धी वर आली. पार्सलची पिशवी तशीच बांधलेली. तिच्यातून काळं पाणी गळत होतं.

"हळू," त्याचा बाप नथू वरून म्हणाला. "पानी चढतंय. तू पन मोडून घे पाय, त्याच्यावानी."

सिद्धेश डिलिव्हरीवाला, मूळचा रत्नागिरीकडचा. भरतीला बांधाचा मधला भाग पाण्याखाली जातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने फोनवर ऑर्डर पोचवायला दिलेली बारा मिनिटांची वेळ पाहिली आणि बांधावर गाडी घातली.

त्याची बायको क्षितिजा बाजूला उभी राहून कंपनीच्या हेल्पलाइनशी भांडत होती. पलीकडे माणूस नव्हता. आवाज गोड होता, आणि दर वेळी तेवढाच गोड.

"आपला अपघात सुचवलेल्या मार्गावर झालेला नाही. विमा लागू होत नाही."

"रस्ता हायवेचा दाखवता आणि वेळ बांधाची देता? हायवेने बारा मिनिटांत पोचून दाखव तू!"

"क्षमा करा, मला समजलं नाही."

अल्पेश दोर गुंडाळत राहिला, गरजेपेक्षा जास्त घट्ट. जूचंद्रच्या खारजमिनीतला हा बांध त्याच्याच शेताचा. ओहोटी बघून तो त्यावरून पलीकडच्या टॉवरांत ऑर्डर पोचवायचा. मग गावातली बाकीची पोरंही तशीच जाऊ लागली. कंपनीच्या मशीनने त्यांचा रस्ता शिकून घेतला नाही. नुसती त्यांची वेळ उचलली आणि सगळ्यांच्या माथी मारली. भरती तिच्या हिशेबात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी त्याने बापाला घेऊन बांधाच्या तोंडाशी दगड लोटले.

"मंग तुजी गाडी कुठून जाल?"

"हायवेने. सगळ्यांना एकदम उशीर झाला ना बाबा, की मशीनला वेळ वाढवावीच लागेल."

"आनि नाय वाढवली तर?"

अल्पेशने पुढचा दगड धरला.

वेळ वाढली नाही. उशिराबद्दल आधी ऑर्डर कमी झाल्या, मग पोरांचे कंपनीतले आयडी बंद व्हायला लागले. टपरीवर, त्याच्यासारख्याच ऑर्डर पोचवणाऱ्या लेस्लीने त्याच्याच समोर दगड टाकणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार केला. "भेटू दे साला एकदा!" अल्पेशने चहा संपवला. ग्लास ठेवताना तो इतका आपटला की टपरीवाला म्हणाला, "ए, फुटेल ना!"

संध्याकाळी तो बांधाकडे गेला, तेव्हा दगडांपाशी एक स्कूटर उभी होती. पाठीवर पिशवी घेतलेली एक बाई वाकून दगड ढकलत होती. तिने हेल्मेटची काच वर केली.

"वहिनी? तुम्ही?"

"ह्यांच्या आयडीवर." क्षितिजाला दम लागला होता.

"ॲप सेल्फी मागतं ना रोज?"

"सकाळी देतात ते. टी-शर्ट चढवते, केस विंचरते, उशी दिसणार नाही असा फोन धरते. हसा म्हणते, पण हसत नाहीत."

"हायवेने जा वहिनी. मी सांगतो म्हणून जा."

"काल हायवेनेच गेले. परवा पण. आता एकदा उशीर झाला की आयडी बंद, म्हणून मेसेज आलाय." तिने पुन्हा दगडाला खांदा लावला. "कोण मेला हे टाकून गेलाय, त्याचे हात झडोत. बघत काय राहिलायस? हात लाव!"

अल्पेशने खाडीकडे पाहिलं. पाणी अजून खाली होतं, पण वळलं होतं; भरती लागली होती.

त्याने वाकून दगड धरला. एकट्याने उचलला आणि शिवी हासडून खाडीत फेकला. मग दुसरा.

"जाताना मध्ये थांबू नका. आणि परत येताना हायवेने. काही झालं तरी. ऐकलंत?"

तिने मान हलवली की फक्त काच खाली केली, ते त्याला कळलं नाही. ती गेली.

मोकळ्या वाटेकडे बघत तो उभा होता, तेवढ्यात मागून पार्सलवाल्या स्कूटरचा हॉर्न वाजला. पाठोपाठ आणखी एक.

"ए, बाजू दे ना!" कुणीतरी ओरडलं.