मेघवतीचा उत्तरार्ध

हिवाळ्यातली सकाळ पोलादनगरीच्या सेक्टर दोनमध्ये सरळ येत नसे. आधी ती कारखान्याच्या धुरात अडकून राही आणि त्या धुराला फिकट तपकिरी, मग नारिंगी, मग पिकल्या पेरूच्या गराचा रंग येत जाई. त्यानंतर कुठे ती क्वार्टरांच्या ओळींवर उतरे. आधी छपरांवर, मग अंगणातल्या तारेवर, तिथे वाळणाऱ्या निळ्या कामाच्या शर्टांवर. ओमप्रकाशच्या खोलीत ती सिमेंटच्या जाळीतून शिरे आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे चौकोन मांडी. ते चौकोन घाई न करता खाली घसरत, कॅलेंडरवरून खुंटीवर, खुंटीवरून उशीवर. त्यांत तरंगणारी धूळ किंचित तांबूस दिसे, कारण इथल्या धुळीत लोखंड असायचंच. त्या उजेडात विशेष काही नव्हतं. तो रोजच यायचा. त्या रविवारी तो ओमप्रकाशच्या मांडीवरल्या पुस्तकावर येऊन थांबला आणि शेवटचं पान लख्ख वाचता आलं, एवढाच त्याचा अपराध.

ओमप्रकाशनं पुस्तक भिंतीवर भिरकावलं.

"काय पडलं रे?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. पाल होती."

"मारली का?"

"नाही," तो म्हणाला, "तिनंच मारलं."

आईला ते ऐकू गेलं नाही. बरंच झालं. कुमुदिनी आंबर्डेकर नावाच्या बाईंनी, कुठल्याशा दूरच्या शहरात टेबलाशी बसून, तुझ्या मुलाचा गळा कापला आहे, हे त्या माउलीला कसं समजावणार?

आंबर्डेकरबाईंच्या आधीच्या तिन्ही कादंबऱ्या त्याला जवळजवळ पाठ होत्या. तळ्याच्या तळाशी वसलेलं चांदणतळ नावाचं राज्य, तिथली राणी मेघवती, आणि मनोऱ्यावर रोज सांजवेळी दिवा लावणारा केवल. केवल राणीशी कधी बोलला नव्हता. मायावी वाटांवर भटकून ती परते ती त्याच्या दिव्याच्या आधारानं, आणि तो वरून पाहत राही. कारखान्याच्या भांडारात कारकुनी करणाऱ्या, दुकानात सुटे मागतानाही घसा कोरडा पडणाऱ्या ओमप्रकाशला पहिल्याच पुस्तकात कळून चुकलं होतं की हा केवल म्हणजे आपणच.

आणि मेघवती म्हणजे मागच्या गल्लीतल्या बाबारावांची वसुंधरा. मराठी मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी ती भेटे. दोघं मेघवतीवर बोलत. म्हणजे तो बोले, आणि ती ऐके. घरी तो चारचौघांसारखं बोलायचा, पण तिच्यासमोर त्याच्या तोंडून छापील मराठी निघे. चौथी, अखेरची कादंबरी आली की केवलला त्याची राणी मिळेल. मग आपण ते पुस्तक वसुंधरेच्या हाती देऊ आणि सगळं बोलून होईल, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. त्याच्या वाटचं बोलणं आंबर्डेकरबाई बोलणार होत्या.

पण वाचनालय मारोतरावांच्या ताब्यात होतं. निवृत्तीनंतर त्यांनी ते चालवायला घेतलं होतं, आणि जाड कादंबरी आली की ते ती मधोमध उसवून तिच्या दोन बांधण्या करत. "एकच माणूस म्हयनाभर घेऊन बसते," ते म्हणत, "बाकीच्यायनं काय तोंड पाहाचं?" त्यामुळे ओमप्रकाशला पूर्वार्ध मिळाला आणि वसुंधरेला उत्तरार्ध. तिनं तो तसाच, आगापिछा न पाहता वाचून काढला होता.

"शेवट मले फार आवडला," पुस्तकं बदलताना ती म्हणाली होती. आणि हसली होती.

त्या हसण्यावर तो आठवडाभर जगला. दुसरा अर्थ निघणंच शक्य नव्हतं.

आणि आता हे! शेवटच्या प्रकरणात मेघवती बाजारात जाते. तिथे एक मिठाचा व्यापारी बसलेला. पोट सुटलेलं, टाचा भेगाळलेल्या. तो तागडी खाली ठेवतो आणि विचारतो, "आमच्या गावाला समुद्र आहे. बघायला येतेस?" राणी हसते, हो म्हणते आणि निघून जाते. सात जादूगारांना पुरून उरलेली राणी, मिठाच्या गाडीत बसून! आणि केवलच्या वाट्याला एक वाक्य: त्या संध्याकाळीही मनोऱ्यावर दिवा लागला.

एक वाक्य. तीन पुस्तकं त्याला उभं ठेवून.

चहा न पिताच तो वाचनालयात गेला. वसुंधरा कपाटापाशी उभी होती. मारोतराव सुईदोरा घेऊन कुठलंसं नवं पुस्तक उसवत बसले होते. ओमप्रकाशनं उत्तरार्ध टेबलावर आपटला.

"धोका आहे हा!" छापील मराठी कुठल्या कुठे गेली होती. "सरासर धोका! या बाईले लाज वाटाले पाहिजे."

"कोणत्या बाईले?" मारोतरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लेखिकेले. मीठवाल्याच्या गळ्यात बांधली तिनं मेघवतीले!"

"मंग? तुले लगन लावाचं होतं का तिच्याशी?"

वसुंधरा फिसकन हसली. त्या हसण्यानं त्याच्या रागात तेल पडलं.

"तुम्ही तर म्हणालात, शेवट आवडला."

"हाव. आवडलाच."

"तो केवल आयुष्यभर दिवा लावत बसला! तिच्यासाठी!"

"तिनं सांगितलं होतं काय?" तीही आता चिडली होती. "वर बसून नुसता पाहत राहते माणूस. कोण आहे, काय पाहिजे, पत्ता नाही. मले तर भेव वाटलं असतं बापा. त्या मीठवाल्यानं तोंड तरी उघडलं."

"एका वाक्यात राणी मिळते का?"

"विचारलं तर मिळते," मारोतराव दोरा दातानं तोडत म्हणाले. "आता त्या रिसाली गावच्या पोरानं हिले विचारलंच ना—"

"काकाजी!"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कोण रिसालीचा?" ओमप्रकाशनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात माझं साक्षगंध आहे," ती खाली पाहत म्हणाली. "तुम्हीपण या. रोलिंग मिलमध्ये आहे तो. सगळ्यायसमोर त्यानं मले विचारलं, तुम्हाले लग्नानंतर काय करायचं आहे? बाबा पाहतच राहिले. मले हसू आलं. मंग मी हो म्हटलं."

ओमप्रकाशच्या कानशिलांत घण पडू लागले. पण त्या रागातही त्याला वार करायला एक फट दिसली.

"असं आहे तर! म्हणून तुम्हाला तो शेवट गोड लागला. स्वतःचं जमलं म्हणून."

वसुंधरेनं मान वर केली. तिचा आवाज चढला नाही.

"शेवट आवडला तेव्हा ते लोक घरी आलेही नव्हते."

त्यानं टेबलावरचा उत्तरार्ध पुन्हा उचलला, वसुंधरेनं परत केलेला पूर्वार्धही घेतला. "नोंद करून ठेवा काकाजी. या बाईच्या एकेक चुका दाखवतो मी. छापायला लावतो."

"दाखव, दाखव," मारोतराव म्हणाले. "पण चहा पिऊन घेजो आधी."

घरी न जाता तो मैदानाकडेच्या नाल्यावरल्या पुलियावर बसला आणि खिशातली पेन्सिल काढली. दात ओठ खात, चुका हुडकत, त्यानं वाचायला सुरुवात केली. मिठाचा व्यापारी खोटा असायला हवा होता. नव्हता, त्याच्या भेगाळलेल्या टाचांसकट तो खरा होता. मेघवतीचा होकार अचानक असायला हवा होता. म्हणून तो पूर्वार्धात मागे मागे गेला, आणि एका पानावर थबकला. तिथे मेघवती मनोऱ्याच्या पायऱ्यांवर थांबून विचारते, "वर कोण आहे?" आणि वरून उत्तर येत नाही. ती पुन्हा विचारते. मग ती थकून उतरून जाते. पहिल्या वाचनात हे पान त्याला किती सुंदर वाटलं होतं! ते मौन किती उदात्त! आता त्याला फक्त पायऱ्या उतरणाऱ्या बाईचे पाय दिसले.

आंबर्डेकरबाईंना सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं.

पेन्सिलीची रेघ एकाही पानावर उमटली नव्हती. राग अजून होता, छातीत गरम कोळशासारखा, पण तो आता आंबर्डेकरबाईंवर टाकता येत नव्हता, रिसालीच्या पोरावरही नाही. त्यानं दोन्ही भाग एकावर एक ठेवले.

कादंबरी चांगली होती. आधीच्या तिन्हींपेक्षा चांगली.