चावडीतलं बाळंतपण

रंगरावांनी कुऱ्हाडीचा पहिला घाव चौकटीवर घातला तेव्हा त्यांची बायको सरस्वतीबाई दिवस भरलेल्या लेकीचा, सुलभाचा, हात धरून समोरच्या लिंबाखाली उभ्या होत्या. दुसऱ्या घावाला चौकट निखळली. मग काँग्रेसच्या टोप्या घातलेल्या माणसांनी नव्या खोलीची भिंत अशी ओढून पाडली, जणू इंग्रज सरकार त्या मातीतच दडून बसलं होतं. खोली बाळंतपणाची होती. डिस्ट्रिक्ट कौन्सिलने नर्स द्यायची, गावाने खोली, असा ठराव झाला होता. पण खोली उठली ती ब्राह्मणेतर पक्षाच्या अर्जुनरावांच्या आळीत, आणि रंगरावांना तेवढं कारण पुष्कळ होतं.

अर्जुनरावांची माणसं काठ्या घेऊन धावली. कुणाचा खांदा निखळला, कुणाचे दात मातीत पडले. भिरकावलेल्या विटेने बुलढाण्याहून नुकत्याच आलेल्या नर्सची, प्रेमलाची, भुवई फुटली.

"आई, पाणी गेलं," सुलभा म्हणाली आणि पोट धरून खाली बसली.

प्रेमलाने डोळ्यावरचं रक्त पदराने पुसलं. "हिला घरी न्या, लवकर."

घर पलीकडे होतं आणि मधे काठ्या चालल्या होत्या. सरस्वतीबाईंनी तिला एका काखेत धरून उठवलं. तेवढ्यात सुलभाच्या दुसऱ्या काखेत एक हात शिरला. तो अर्जुनरावांच्या बायकोचा होता, सत्यभामाबाईंचा.

मागच्या निवडणुकीत सत्यभामाबाईंची लेक अडली होती. सत्यभामाबाई तिला गाडीत घालून चिखलीच्या दवाखान्यात नेत होत्या, तर अमडापूरच्या वाटेवर रंगरावांनी आणि त्यांच्या माणसांनी गाडी अडवली. आत विरुद्ध बाजूचे मतदार लपवलेत, असा त्यांचा वहीम. गाडी सुटली तोवर लेकही गेली आणि पोटातलं बाळही. तेव्हापासून या दोन बायका एका पाणवठ्यावरही उभ्या राहिल्या नव्हत्या.

"चावडीत घ्या," सत्यभामाबाई म्हणाल्या. "जवळ हाय, उजेडबी हाय."

"चावडीत बाईमाणूस?"

"तुले लेक पाह्यजे का चावडी?"

सुलभाला मुलगा झाला, तोही पाटलाच्या तक्क्याला टेकून. बाहेर डोकी फोडून दमलेली माणसं न्यायनिवाड्याला आली आणि उंबऱ्यावरच थबकली. बाळंतिणीचा विटाळ, दहा दिवस आत पाऊल टाकायची सोय नाही. कारभार चिंचेखाली गेला आणि चावडीच्या खिडक्यांना धुतलेली लुगडी टांगली गेली.

त्या दहा दिवसांत बायकांना जे सुचलं ते आधी कुणाला सुचलं, यावर दोन्ही आळ्या पुढे पुष्कळ भांडल्या. सुलभाची मुदत संपायच्या आत अर्जुनरावांच्या भावकीतली एक सून चावडीत येऊन बाळंत झाली. तिच्या मागोमाग काँग्रेसवाल्यांची. विटाळ काही फिटेना. प्रेमलाने कौन्सिलला कळवलं की गावाने खोली दिली आहे, येऊन पाहावं. मेंबर येतील त्या दिवशी चावडी बायकांच्या ताब्यात दिसली तर नर्स कायमची. नाही तर प्रेमलाने पेटी उचलून परत जायचं.

आणि नेमक्या त्याच दिवशी चावडी रिकामी होती. गावात कुणाचेच दिवस भरले नव्हते.

मेंबरांची मोटार यायच्या आधीच रंगराव आणि अर्जुनराव खांद्याला खांदा लावून आले. मागे दोन्हीकडच्या काठ्या, पुढे गोमूत्राचा तांब्या घेतलेले भटजी. स्वराज्यासाठी जी माणसं एका सतरंजीवर बसली नाहीत, ती चावडीसाठी एक झाली होती. सरस्वतीबाई दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या राहिल्या. मागे प्रेमला होती, आणखी मागे सत्यभामाबाई.

"सर बाजूले," रंगराव म्हणाले.

"आत बाई अडली हाय."

"कोनाची? नाव सांग."

सरस्वतीबाईंना नाव सुचलं नाही. रंगरावांनी काठी हाणली ती मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या माणसांनाही ऐकू गेला. सरस्वतीबाईंनी तो हात छातीशी धरला आणि दुसरा चौकटीवरून काढला नाही. दुसरी काठी खांद्यावर बसली.

सत्यभामाबाई पुढे आल्या. "माई लेक बी अडली होती. तवा बी तुमी असंच इचारत होते, कोनाची, कोन हाय आत."

"तुया लेकीचा आवाज आला असता त म्या गाडी सोडली असती," रंगराव म्हणाले. "गाडीतून चकार शब्द आला नाई. देवाशपथ."

 सत्यभामाबाई आत गेल्या, बाळंतिणीच्या रिकाम्या बाजेवर आडव्या झाल्या आणि ओरडल्या. केस पिकलेली बाई, पण आवाज कोवळ्या पोरीचा निघाला.

"भाऊ, सोडा वो माई गाडी. तुमच्या पाया पडतो, भाऊ, सोडा वो."

बाहेरची माणसं मागे सरली. त्यांना वाटलं, खरंच आत कुणी अडली आहे. भटजींच्या तांब्यातलं अर्धं गोमूत्र त्यांच्याच धोतरावर सांडलं. रंगराव तेवढे हलले नाहीत. त्यांच्या हातातून काठी सुटली.

"असंच म्हणे ते पोरगी," ते पुटपुटले. "असंच भाऊ म्हणे मले."

अर्जुनराव त्यांच्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. सरस्वतीबाईंनीही ऐकलं. इतके दिवस त्यांनी नवऱ्याच्या शपथेवर विश्वास ठेवला होता, कारण तो ठेवल्याशिवाय त्या घरात भाकरी थापणं त्यांना जमलं नसतं.

"आमची वाट नका पाहू," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जेवून घ्या."

धड हाताने त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी घातली. बाहेर पावलं पांगत गेली, मेंबरांच्या मोटारीचा आवाज जवळ आला, तरी सत्यभामाबाईंचं ओरडणं थांबत नव्हतं. आता त्याची गरज नव्हती, पण थांबा म्हणायला प्रेमलाची जीभ रेटेना. सरस्वतीबाई बाजेवर बसल्या आणि त्यांनी सत्यभामाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं.