मोरनीच्या उतारावर

किल्ला पाहून गाडीपाशी आल्यावर अहिल्याबाई म्हणाल्या, "मी आता तुमच्या गाडीत गुडघे मुडपून बसायची नाही. मागे कॉटवर आडवी होते."

"आई, कॅरव्हॅन चालत असताना आत कुणी बसायचं नसतं. मालकाने दहादा बजावलंय," प्रसन्न म्हणाला.

"त्याला सांग, गुडघे माझे आहेत."

प्रसन्नने ओजस्विनीकडे पाहिलं. तिने मान फिरवली. सासूबाई कराडहून मोहालीला आल्या त्या पानिपत बघायच्या हट्टाने. तिथे आपली माणसं पडली, एकदा हात जोडून यायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून प्रसन्नच्या डोक्यात ही सहल शिरली. गाडीमागे जोडायची कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोलीच, भाड्याने आणायची, आधी पिंजोरची बाग, मग डोंगरावरचा मोरनीचा किल्ला, पुढे कुरुक्षेत्र आणि पानिपत. कॅरव्हॅन ओढायची त्याची ही पहिलीच वेळ होती. पिंजोरपर्यंतचा रस्ता सपाट होता, त्यामुळे त्याला वाटलं, जमतंय.

शेवटी अहिल्याबाई मागच्या कॉटवर जाऊन पडल्या आणि प्रसन्नने गाडी काढली.

उतार लागला तसा तो सारखा ब्रेकवर पाय ठेवू लागला. मागचं वजन गाडीला पुढे ढकलत होतं. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे दरी. चार-पाच वळणं गेल्यावर काहीतरी जळल्याचा वास आला.

"पापा, ये स्मेल क्या है?" मागच्या सीटवरून साक्षीने विचारलं.

प्रसन्न सारखा पेडल दाबत होता. ओजस्विनीने त्याच्या पायाकडे पाहिलं. ब्रेकचं पेडल खालपर्यंत जात होतं आणि गाडीचा वेग वाढतच होता.

"ब्रेक लागत नाहीये," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला आधी कळलंच नाही.

"गिअर उतरव!"

त्याने गिअर खाली आणला. इंजिन ओरडलं. पण मागची कॅरव्हॅन शेपटीसारखी झोके घ्यायला लागली आणि प्रत्येक झोक्याला गाडी रस्त्याच्या मधोमध ओढली जाऊ लागली. मागे आई आहेत, एवढंच ओजस्विनीच्या मनात घुमत होतं. आतून काही आवाज येतोय का, म्हणून ती कान देत होती. काहीच ऐकू येत नव्हतं.

"डोंगराला घास! प्रसन्न, डाव्या बाजूला घास!"

त्याने चाकं गटारात घातली. पत्रा दगडांवर खरवडत गेला, काच फुटली, साक्षी किंचाळली आणि गाडी थांबली. कॅरव्हॅन मात्र थांबली नाही. ती वळसा घेऊन रस्त्यावर आडवी झाली, कडेचा कठडा तोडून गेली आणि मागचा अर्धा भाग दरीवर काढून अडकली.

साक्षीला डोंगराकडेला उभं करून ओजस्विनी मागे धावली. कॅरव्हॅनचं दार मागच्या बाजूला होतं आणि आता त्या दाराखाली नुसती हवा होती. गाडीशी जोडणारा दांडा पिळवटला होता. वारा आला की तो कुरकुरत होता.

"आई!" प्रसन्न दरीच्या बाजूला धावला.

"तिकडे नको! दांड्यावर उभा राहा," ओजस्विनी ओरडली. "पुढे वजन हवं. मागे गेलं तर उलटेल."

खालून मोटारसायकलवर दोघं येत होते. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. गाडी टाकून तेही येऊन दांड्यावर चढले. "हिलना मत, भाईसाब," एक जण म्हणाला.

पुढच्या बाजूला एक लहान खिडकी होती. ओजस्विनीने दगडाने तिची काच फोडली आणि आत पाहिलं. भांडी, पिशव्या, सगळं मागे घरंगळलं होतं. त्या पसाऱ्यात अहिल्याबाई कॉटची कड धरून बसल्या होत्या. कपाळावरून रक्त ओघळत होतं. मागच्या खिडकीतून त्यांना दरीच दिसत असणार.

"आई, माझ्याकडे बघा."

"मी हलणार नाही." ओठ नीट हलत नव्हते. "मी हलले की हे खाली जातंय, ओजू. मला कळतंय ते."

एका सरकारी रुग्णालयात ओजस्विनी नर्स होती. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ते तिला रोजचं होतं. पण आता नक्की काय सांगावं? उभं राहायला लावलं आणि तोल गेला तर? इथेच बसवून ठेवलं आणि दांडा तुटला तर?

"पुढे आलात तर उलट वजन आमच्याकडे येईल. उभ्या राहू नका. रांगत या."

"गुडघे..."

"माहीत आहे. दुखू देत. माझ्याकडे बघत या."

अहिल्याबाईंनी एक हात सोडला. जमीन जराशी कलंडली आणि एक पातेलं दारावर जाऊन आदळलं. त्यांनी डोळे मिटले. "नाही गं, नाही होत माझ्याने," म्हणत त्या रडायला लागल्या. ओजस्विनीने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. दांडा पुन्हा कुरकुरला. ती कमरेपर्यंत खिडकीत शिरली. काच पोटाला लागत होती.

"आई, मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. लवकर या."

का कुणास ठाऊक, त्या हलल्या. कण्हत, जमिनीला चिकटून, पिशव्या बाजूला सारत आल्या. हाताला हात लागला तशी ओजस्विनीने त्यांची दोन्ही मनगटं घट्ट आवळली आणि प्रसन्नला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना खिडकीतून बाहेर ओढलं. साडी फाटली, खांदा सोलवटला, पण त्या रस्त्यावर आल्या.

दांड्यावरचे दोघं उतरले तशी कॅरव्हॅन वीतभर मागे सरकली आणि तिथेच थांबली.

प्रसन्न आईच्या पायाशी बसला. "चुकलं माझं."

"तुझ्या गाडीत मी बसणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि ओजस्विनीचा दंड धरून उतारावरून चालू लागल्या, लंगडत, डोंगराच्या बाजूने. साक्षी दुसऱ्या बाजूने बिलगली होती. प्रसन्न क्रेनची वाट बघत मागे थांबला.

पुढच्या वळणावर घराच्या दिशेने जाणारी पंचकुल्याची बस मिळाली. सीटवर बसल्यावर ओजस्विनीने अहिल्याबाईंच्या कपाळाला रुमाल बांधला.

"मम्मी, अब तो सब ठीक है ना?" साक्षीने विचारलं.

"हो," ती म्हणाली. बस वळली तशी तिने पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. शेजारी अहिल्याबाईंनीही धरलेलाच होता.